चीजच्या गावी, यजमानांच्या चालीने

वृद्धांच्या प्रवासाविषयी या सदरात लिहिले, तेव्हापासून एक प्रश्न वाचकांच्या पत्रांतून वारंवार येत आहे. घरातील वडीलधारे माणूस आजारी आहे. आजार पूर्ण बरा होणारा नाही, पण अंथरुणाला खिळवणाराही नाही. अशा माणसाला घेऊन प्रवासाला निघावे की निघू नये? जाण्याची हौस त्यांना असते, नेण्याची इच्छा आपल्याला असते आणि धास्ती मात्र सगळी काळजी घेणाऱ्याच्या वाट्याला येते. या प्रश्नाला माझ्याजवळ सरसकट उत्तर नाही. मात्र गेल्या सप्टेंबरात इटलीतील एका लहानशा डोंगरी गावी आम्ही चार दिवस राहून आलो. तेथे माझी एक चूक झाली आणि एक समजूतही बदलली. ती हकीकत सांगितली तर प्रश्न विचारणाऱ्यांना तिचा काही उपयोग होईल, असे वाटते.

माझे यजमान शहात्तर वर्षांचे आहेत. कंपवाताचे, म्हणजे पार्किन्सनचे, निदान होऊन त्यांना नऊ वर्षे झाली. कंपवाताच्या स्वमदत गटांत रुग्णाला शुभार्थी आणि त्याची काळजी घेणाऱ्याला शुभंकर म्हणण्याची पद्धत आहे. मी शुभंकर. यजमानांची सारी नोकरी दुग्धव्यवसायात गेली. दूध तपासणे, दुधाची चव घेणे, ते कोठे आणि का बिघडले ते शोधणे, हे त्यांचे काम. निवृत्तीनंतरही घरी आलेल्या दुधाची पिशवी उघडताना ते आधी वास घेतात.

कन्या मिलान शहरी नोकरीनिमित्त राहते. तिच्याकडे जायचे ठरले, तेव्हा नात्यागोत्यातील सर्वांनी रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस अशी भली मोठी यादी तयार केली. यजमानांनी ती शांतपणे वाचली आणि म्हणाले, “मला एकच गाव दाखवा, पण नीट दाखवा. आणि तिथं चीज होत असेल तर बरं.” कन्येने शोध घेतला आणि जेरोला आल्ता हे गाव निघाले.

वाट आणि गाव

इटलीच्या उत्तरेस, स्वित्झर्लंडच्या सीमेला लागून, वाल्तेल्लिना नावाचे लांबट खोरे आहे. मिलानहून निघणारी आगगाडी लेक्कोनंतर कोमो सरोवराच्या काठाकाठाने वर सरकते आणि सुमारे पावणेदोन तासांत मोर्बेन्यो या गावी पोहोचते. जाताना डाव्या बाजूची आसने मिळाली तर सरोवर सतत सोबत राहते. मोर्बेन्योहून पुढे पंधरा किलोमीटरचा वळणावळणांचा घाटरस्ता आहे. वाटेत साक्को नावाची वाडी लागते. तेथील एका जुन्या घरात १४६४ साली रंगवलेले भित्तिचित्र आहे. अंगभर केस असलेला, हाती सोटा घेतलेला रानमाणूस त्यात उभा आहे. आल्प्सच्या लोककथांत हा रानमाणूस केवळ भीतिदायक नाही. दुधापासून चीज करण्याची विद्या त्यानेच माणसांना शिकवली, असे तेथील लोक सांगतात.

जेरोला आल्ता समुद्रसपाटीपासून साधारण साडेदहाशे मीटर उंचीवर आहे. म्हणजे आपल्या महाबळेश्वरापेक्षाही कमी. डोंगरगाव म्हटले की हृदयविकार वा दमा असलेल्यांना विरळ हवेची भीती वाटते, म्हणून हे मुद्दाम सांगितले. त्रास झालाच तर तो उंचीपेक्षा घाटातील वळणांचा होतो. निघताना हलके खाणे, पुढच्या आसनावर बसणे आणि नजर दूर रस्त्यावर ठेवणे एवढ्याने आमचे काम भागले.

गावाची वस्ती दीडशेच्या आसपास. दगडी भिंतींची आणि लाकडी सज्जांची घरे, एक चर्च, त्यासमोर लहानसे पटांगण, दोन-तीन खानावळी आणि चहूकडे उभे हिरवे डोंगर. दक्षिणेकडे पित्सो देई त्रे सिन्योरी, म्हणजे तीन सत्ताधीशांचे शिखर, २५५४ मीटर उंच उभे आहे. एके काळी मिलानचे राज्य, व्हेनिसचे प्रजासत्ताक आणि आजच्या स्वित्झर्लंडमधील ग्रिझन्स यांच्या सीमा तेथे मिळत असत. दुपारी गाव मिटून जाते. दुकाने बंद, रस्ते रिकामे, केवळ पाण्याचा आवाज. तरुण माणसांना हा निवांतपणा कदाचित कंटाळवाणा वाटेल. कंपवाताच्या माणसाला मात्र तो वरदानच आहे. गर्दीत, घाईत आणि मागून कोणी ढकलत असताना त्याचे पाय जमिनीला चिकटतात. येथे घाई करणारे कोणी नव्हते.

तरीही अडचणी होत्या. गल्ल्या चढाच्या आणि फरसबंदी उंचसखल. आमच्या मुक्कामाच्या घराचे दार अरुंद, आणि अरुंद दारात यजमानांचे पाऊल हमखास अडते. अशा वेळी ओढू नये, घाई करू नये. ठेका द्यावा, ही युक्ती आम्हांला व्यायामोपचार करणाऱ्या ताईंनी शिकवली आहे. वारीतल्या टाळांचा ठेका मी हलक्या आवाजात धरते आणि त्या लयीवर ते पाऊल उचलतात. तिसऱ्या दिवशी घराची मालकीणही दारात उभी राहून टाळ्यांनी तोच ठेका धरू लागली.

हे चीज होते कसे

या खोऱ्यातील चीजचे नाव बित्तो. येथून वाहणाऱ्या नदीचेही तेच नाव. बित्तो केवळ उन्हाळ्यात, जून ते सप्टेंबर या काळात, उंचावरील कुरणांवर तयार होते. गाई एका कुरणातून दुसऱ्या कुरणात वर सरकत जातात आणि गवळी त्यांच्यामागे. जुन्या पद्धतीत दूध खाली गावात आणत नाहीत. कुरणांवर ठिकठिकाणी दगडी भिंतींचे उघडे आडोसे बांधलेले असतात. त्यांना तेथील बोलीत कालेच म्हणतात. त्यावर तात्पुरते छप्पर ताणायचे, खाली चूल पेटवायची आणि धारोष्ण दूध तेथेच तांब्याच्या मोठ्या हंड्यात ओतायचे. दूध गाईच्या अंगची ऊब घेऊन येते, म्हणून ते फारसे तापवावेही लागत नाही. गाईच्या दुधात थोडे शेळीचे दूध मिसळतात. या शेळ्या ओरोबिका जातीच्या, लांब शिंगांच्या.

रेनेट घातल्यावर दूध घट्ट होते. मग तारांच्या साधनाने ते तांदळाच्या दाण्याएवढे बारीक कापतात आणि ४८ ते ५२ अंशांपर्यंत तापवत ढवळतात. निवळ वेगळी होते, दाणे तळाशी बसतात. ते फडक्यात बांधून वर उचलायचे आणि लाकडी साच्यात दाबायचे. साच्याच्या आकारामुळे बित्तोच्या चाकाची कड आत वळलेली असते आणि त्यावरून जाणकार ते दुरूनही ओळखतात. एक चाक आठपासून पंचवीस किलोंपर्यंत भरते. मीठ लावून ते मुरायला ठेवतात. निदान सत्तर दिवस तरी मुरावे, असा नियम आहे. पण चांगले बित्तो दहा वर्षे आणि त्याहूनही अधिक काळ मुरते, ही त्याची खरी ख्याती.

ही कृती पाहण्यासाठी चढून जाणे यजमानांना शक्य नव्हते. पायवाट दगडी आणि उभ्या चढाची होती. पहिल्या सकाळी त्यांनी स्वतःच तसे सांगितले आणि एका वहीत प्रश्न लिहून ते कन्येच्या हाती दिले. दूध काढल्यापासून हंड्यात पडेपर्यंत किती वेळ जातो? विरजण बाहेरचे घालता का? पाऊस आला तर चूल कशी सांभाळता? अक्षर थरथरलेले होते, पण प्रश्न नेमके होते. कन्या एका गवळ्याच्या सोबतीने वर गेली आणि संध्याकाळी उत्तरे घेऊन आली. तासभर दोघे ती वही घेऊन बसले होते. जेथे आपण जाऊ शकत नाही, तेथे आपले कुतूहल पाठवता येते, हे मी त्या दिवशी पाहिले.

उत्तरांतून एक जुने भांडणही कळले. १९९६ साली बित्तोला युरोपीय संघाचा संरक्षित नामाचा दर्जा मिळाला, पण त्याबरोबर ते नाव संपूर्ण सोंद्रियो प्रांताला वापरता येऊ लागले. पुढे गाईंना काही प्रमाणात खुराक देण्यास आणि तयार विरजण घालण्यासही मोकळीक मिळाली. मूळ खोऱ्यातील मूठभर उत्पादकांनी हे मानले नाही. केवळ कुरणातील गवत, शेळीचे दूध आणि बाहेरचे विरजण अजिबात नको, हा त्यांचा हट्ट. स्लो फूड या चळवळीने त्यांची पाठराखण केली. अखेर २०१६ साली त्यांनी स्वतःच्या नदीचे नावही सोडून दिले आणि आपल्या चीजला स्तोरिको रिबेल्ले, म्हणजे ऐतिहासिक बंडखोर, असे नवे नाव दिले. यजमान हे ऐकून फार खूश झाले. “नाव सोडलं, पण कृती नाही सोडली,” असे दिवसभर म्हणत होते.

माझी चूक

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही खानावळीत गेलो. या खोऱ्याचे प्रसिद्ध पक्वान्न म्हणजे पित्सोक्केरी. कुट्टूच्या पिठाच्या रुंद पट्ट्या, बटाटा आणि कोबी एकत्र उकडून त्यावर भरपूर चीज आणि लसणीची लोण्याची फोडणी. कुट्टू आपल्याकडे उत्तरेत उपवासाला चालतो; येथे तो थंडीतला रोजचा आधार. जेवण यायला उशीर झाला. यजमानांची एक वाजताची लेव्होडोपाची गोळी मी साडेबाराला द्यायची ती विसरले आणि जेवण समोर आल्यावर गडबडीने जेवणासोबतच दिली.

कंपवाताच्या घरांत हे ठाऊक असते, पण इतरांसाठी सांगते. लेव्होडोपा आणि अन्नातील प्रथिने आतड्यातून शरीरात शिरताना एकमेकांशी स्पर्धा करतात. प्रथिनांनी भरलेल्या जेवणासोबत गोळी घेतली तर ती पुरेशी लागू पडत नाही. म्हणून ती जेवणाआधी अर्धा ते एक तास घ्यावी, असे बहुतेकांना सांगितलेले असते. पित्सोक्केरीत चीजचा मारा. व्हायचे तेच झाले. चर्चसमोरच्या पटांगणापर्यंत आलो आणि यजमानांचे पाय थिजले. मग हात, मग चेहरा. दोन तास आम्ही एका बाकावर बसून होतो. गाव मिटलेले. कन्या पांघरूण आणायला धावली. एक वृद्ध गृहस्थ काठी टेकत आले, काही न विचारता यजमानांच्या दुसऱ्या बाजूस बसले आणि तसेच बसून राहिले. आम्हांला त्यांची भाषा येत नव्हती आणि त्यांना आमची. पुढची गोळी लागू पडली, यजमान उठले, तेव्हा त्या गृहस्थांनी टोपीला हात लावला आणि ते आपल्या वाटेने गेले.

त्या रात्री मला झोप आली नाही. परक्या देशात आणून मी या माणसाला संकटात टाकले, असेच वाटत राहिले. शुभंकरांना ही रात्र ओळखीची असेल. अशा रात्रीनंतर आपण काय करतो? सकाळी उठून प्रत्येक गोष्टीला नाही म्हणू लागतो.

मुरवणघरात

तिसऱ्या दिवशी चीज मुरवण्याचे तळघर पाहायला गेलो. तेथे त्याला कासेरा म्हणतात. आत गारवा, ओलसर लाकडाचा आणि बुरशीचा उग्र पण हवासा वास. फळ्यांवर ओळीने चाके. प्रत्येकावर साल. एक मध्यमवयीन बाई एकेक चाक उचलून त्याची बुरशी पुसत होत्या, फळी कोरडी करत होत्या आणि चाक उलटे करून ठेवत होत्या. असे वर्षानुवर्षे चालते, असे त्यांनी कन्येला सांगितले. चाक एकाच कुशीवर राहिले की ओल धरते आणि खालून बिघडते.

यजमान सावकाश ओळी पाहत चालले होते. एका चाकापाशी थांबले. त्यावरचे साल त्यांच्या आजाराच्या निदानाचे होते. ते काही बोलले नाहीत. केवळ बोट त्या आकड्यावर टेकवले. बाईंनी ते पाहिले, त्यांना वाटले यांना हेच हवे आहे. जवळच त्याच सालचे एक कापलेले चाक होते. त्यांनी त्याचा नखाएवढा पातळ काप काढला आणि सुरीच्या टोकावर पुढे केला.

मी हात आडवा करून म्हणाले, “नको नको, यांना चालत नाही.”

कन्येने भाषांतर केले. बाई मागे सरल्या. यजमान माझ्याकडे वळले. त्यांचा आवाज आता फार हळू येतो, त्यामुळे मला वाकून ऐकावे लागले. “मला विचारलं नाहीस,” ते म्हणाले.

खरे तर मी विचारायला हवे होते, कारण उत्तर माझ्याजवळ होते आणि ते मी त्यांना सांगितलेले नव्हते. यजमान लेव्होडोपाबरोबर रासाजिलिन हे औषधही घेतात. रासाजिलिन, सेलेजिलिन ही औषधे शरीरातील एका विकराला रोखतात. जुन्या, खूप मुरलेल्या चीजमध्ये टायरामिन नावाचे द्रव्य साठते आणि ते निकामी करण्याचे काम याच जातीची विकरे करतात. टायरामिन फार झाले आणि ही विकरे बंद असली, तर रक्तदाब एकाएकी वाढू शकतो. तीव्र डोकेदुखी, मान ताठणे, छातीत धडधडणे अशी लक्षणे दिसतात. नेहमीच्या मात्रेत रासाजिलिन घेणाऱ्याला सगळे चीज वर्ज्य नसते, पण टायरामिन अतिशय जास्त असलेले पदार्थ टाळावेत, अशी सूचना असते. म्हणूनच निघण्यापूर्वी मी आमच्या मेंदूविकारतज्ज्ञांना विचारले होते. त्यांनी यजमानांची औषधे, मात्रा आणि रक्तदाबाच्या नोंदी पाहून कळवले होते की चवीपुरता लहान तुकडा घेण्यास हरकत नाही, वाटीभर खाऊ नये आणि त्या दिवशी रक्तदाब मोजावा.

ती परवानगी मी मनातच ठेवली होती. लबाडी म्हणून नव्हे. नाही म्हटले की काळजी संपते आणि हो म्हटले की सुरू होते, एवढेच त्याचे कारण. तळघरातच मी त्यांना सारे सांगितले. डॉक्टर काय म्हणाले तेही, आणि काल रात्री मला काय वाटले तेही. त्यांनी ऐकून घेतले. मग स्वतः बाईंकडे वळून हात पुढे केला. काप घेतला, नेहमीप्रमाणे आधी वास घेतला, मग जिभेवर ठेवून डोळे मिटले. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. नंतर म्हणाले, “गवत आहे यात. आणि धूर. शेळी शेवटी येते.” कन्येने हे बाईंना सांगितले, तेव्हा त्यांनी एकदम होकारार्थी मान डोलावली आणि दोघांत, कन्येच्या मदतीने, दुधाविषयी जे बोलणे सुरू झाले ते अर्धा तास चालले. माझ्याकडे कोणाचेही लक्ष नव्हते. संध्याकाळी रक्तदाब मोजला, नेहमीइतकाच होता.

मी मात्र तो काप खाल्ला नाही. बित्तोसाठी वासराच्या जठरातील रेनेट वापरतात आणि मी शाकाहारी आहे. यजमानांनी व्यवसायामुळे हा प्रश्न स्वतःपुरता फार पूर्वीच सोडवला होता. माझा नकार मी स्वतः ठरवलेला होता. त्यांचा नकारही मीच ठरवू पाहत होते, हे उशिरा लक्षात आले.

चीज कोणी, किती खावे

वाचक विचारतील म्हणून चार गोष्टी नोंदवते. खूप मुरलेल्या टणक चीजमध्ये दुधातील शर्करा जवळजवळ उरत नाही, त्यामुळे दूध न पचणाऱ्यांपैकी अनेकांना ते सोसते. तीस ग्रॅमच्या तुकड्यातून सात-आठ ग्रॅम प्रथिने आणि अडीचशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम मिळते. भूक मंदावलेल्या वृद्धांना थोड्या घासात एवढे पोषण मिळणे लाभाचेच. दुसरी बाजूही पाहावी. त्याच तुकड्यात साधारण अर्धा ग्रॅम मीठ आणि बरीच संपृक्त चरबी असते. जागतिक आरोग्य संघटनेनुसार दिवसाचे एकूण मीठ पाच ग्रॅमहून कमी असावे. म्हणून उच्च रक्तदाब, हृदयविकार वा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्रा डॉक्टरांना विचारूनच ठरवावी.

कच्च्या दुधाच्या मऊ, ताज्या चीजपासून वृद्धांनी, तसेच कर्करोगाचे उपचार घेणाऱ्यांनी दूर राहावे. त्यात लिस्टेरिया या जंतूचा धोका असतो. टणक, दीर्घकाळ मुरलेल्या चीजमध्ये तो बराच कमी असतो. टायरामिनचा प्रश्नही केवळ कंपवाताच्या रुग्णांचा नाही. नैराश्यावरील काही जुनी औषधे, लिनेझोलिड हे प्रतिजैविक आणि क्षयरोगावरील आयसोनियाझिड घेणाऱ्यांनीही मुरलेल्या चीजविषयी आधी विचारणा करावी. शाकाहारी वाचकांनी लक्षात ठेवावे की युरोपातील पारंपरिक चीजमध्ये बहुधा प्राण्यांचेच रेनेट असते. तसेच वाल्तेल्लिनात ब्रेझाओला या नावाने मिळणारे पातळ काप गोमांसाचे असतात. खानावळीत पाटी वाचताना ते ध्यानी असावे.

निघण्यापूर्वी

भारत आणि इटली यांच्या घड्याळांत उन्हाळ्यात साडेतीन तासांचे व हिवाळ्यात साडेचार तासांचे अंतर असते. गोळ्यांच्या वेळा पहिल्या दिवशी भिंतीवरील घड्याळाप्रमाणे न बदलता दोन गोळ्यांमधील अंतर सांभाळावे आणि वेळापत्रक डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. औषधे हातातील पिशवीत ठेवावीत, चिठ्ठीवर औषधांची मूळ नावे असावीत. प्रवेशपरवान्यासाठी निदान तीस हजार युरोंचा आरोग्यविमा लागतो, पण आधीपासून असलेला आजार त्यात धरला आहे का, हे कागदावर वाचून खात्री करावी. तेथे तातडीच्या मदतीसाठी ११२ हा क्रमांक आहे आणि औषधालयाची खूण हिरवा क्रॉस. लहान गावात दुपारी औषधालय मिळेलच असे नाही. खानावळी दुपारी बारा ते दोन आणि रात्री साधारण साडेसातनंतर चालतात. गोळ्या आणि जेवण यांचा मेळ त्यानुसार आधीच घालावा. आमचा मेळ कसा चुकला, ते वर सांगितलेच. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मुक्काम बदलू नये. चार दिवसांत चार गावे पाहिली असती, तर यजमानांना चारही ठिकाणची केवळ दारे आठवली असती.

शेवटच्या सकाळी निघण्याआधी यजमान एकटेच पटांगणातल्या त्या बाकापर्यंत गेले. मी खिडकीतून पाहत होते आणि मागे जावे की नाही याचा विचार करत होते. गेले नाही. ते वृद्ध गृहस्थ आधीच तेथे बसलेले होते. दोघे शेजारी बसले. थोड्या वेळाने यजमानांनी खिशातून कागदात गुंडाळलेला चीजचा तुकडा काढून त्यांना दाखवला, आणि त्या गृहस्थांनी त्याचा वास घेऊन मान हलवली.

तो तुकडा आम्ही पुण्यास आणला. यजमान महिन्यातून एखाद्या रविवारी त्याचा पातळ काप घेतात. रक्तदाब मोजून घ्यायचा की नाही, हे तेच ठरवतात, बहुधा घेतात.

प्रवासास निघावे की निघू नये, असे विचारणाऱ्या वाचकांना एवढेच सांगेन की हा प्रश्न मला विचारण्याआधी, आणि डॉक्टरांनाही विचारण्याआधी, ज्यांना न्यायचे आहे त्यांना विचारावा. डॉक्टरांनी जे सांगितले असेल, ते सारे त्यांच्यापुढे ठेवावे. उत्तर हळू आवाजात येईल. वाकून ऐकावे लागेल.